चार हातांतले दोन

आमच्या भजनी मंडळात एखादी नवी बाई टाळ घेऊन आली की आम्ही तिला एकटीला कधीच बसवत नाही. जुन्या, पक्क्या बाईच्या शेजारी, मांडीला मांडी लावून बसवतो. पहिले चार-आठ दिवस ती चुकते. कधी पुढे पळते, कधी मध्येच थांबते. शेजारणीचा टाळ मात्र चालूच असतो. मग हळूहळू नवीचा हातही जागेवर पडायला लागतो. मात्रा तिला कुणी शिकवलेल्या नसतात. शेजारी बसून बसून ताल तिच्या हातात उतरलेला असतो.

हे मला आठवायचं कारण म्हणजे माझ्या भावाची नात. ती शहरात पियानो शिकते. एकदा तिला क्लासला सोडायला गेले आणि तिथंच बसून राहिले. पोरगी हुशार, पण सोपा भाग आला की सुसाट पळायची आणि अवघड भाग आला की थबकायची. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून! बाईंनी मोजायला लावलं, टाळ्या वाजवायला लावल्या. शेवटी त्या स्वतःच तिच्या शेजारी बाकावर बसल्या आणि त्याच पियानोवर डावीकडचे, खालचे सूर वाजवू लागल्या. संथ, एकसारखे. पोरगी दोनदा घसरली, बाई थांबल्या नाहीत. तिसऱ्या वेळी तीही थांबली नाही. चुकीचा सूर तसाच सोडून ती पुढच्या ठेक्यावर बरोबर येऊन मिळाली.

क्लास सुटल्यावर बाईंशी बोलत बसले. एका पियानोवर दोघांनी मिळून वाजवण्याची ही पद्धत फार जुनी आहे म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांनी एक नाव घेतलं, नॅनर्ल. मोझार्टची थोरली बहीण. मोझार्ट माहीत होता. रेडिओवर, सिनेमात, अगदी मोबाइलच्या रिंगटोनमध्येही त्याचं संगीत कानावर पडलेलं असतं. पण त्याला बहीण होती? मला तरी माहीत नव्हतं. घरी आल्यावर तिच्याबद्दल जे मिळेल ते वाचत गेले, आणि मैत्रिणींनो, ती मनातून जाईना. म्हणून आज तिची गोष्ट.

तिचं खरं नाव मारिया आना. घरात सगळे नॅनर्ल म्हणायचे. ३० जुलै १७५१ रोजी आजच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग गावात तिचा जन्म झाला. आई आना मारिया आणि वडील लिओपोल्ड यांना सात मुलं झाली, त्यातली दोनच जगली. एक नॅनर्ल आणि दुसरा तिच्याहून साडेचार वर्षांनी धाकटा वोल्फगांग. लिओपोल्ड तिथल्या आर्चबिशपच्या दरबारात व्हायोलिन वाजवायचे. व्हायोलिन कसं शिकावं याबद्दल त्यांनी लिहिलेलं पुस्तक १७५६ मध्ये, म्हणजे वोल्फगांग जन्मला त्याच वर्षी, छापून आलं. ताल हा संगीताचा आत्मा आहे, असं त्यांनी त्यात लिहिलं आहे. अशा माणसाच्या घरी मुलांची लय कशी घडली असेल, ते वेगळं सांगायला नको.

नॅनर्ल आठ वर्षांची होत आली तेव्हा, १७५९ मध्ये, वडिलांनी तिच्यासाठी एक वही केली. सोप्या सोप्या नाचाच्या चाली, मग थोड्या अवघड, मग आणखी अवघड. आपण मुलांना उजळणीची वही करून देतो ना, तशी. ती शिकायला बसली की तीन वर्षांचा वोल्फगांग तिथं लुडबुडायचा. ताईचा धडा संपला की वाद्याशी जाऊन कानाला गोड लागणारे सूर शोधत बसायचा. पुढे ताईच्या त्याच वहीतून तोही शिकला. त्यातल्या काही पानांवर वडिलांनी नोंदी केल्या आहेत, की वोल्फगांगला हे अमुक दिवशी आलं. त्यातली एक नोंद २४ जानेवारी १७६१ ची आहे. पोराला पाच वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते आणि रात्री नऊ ते साडेनऊ या अर्ध्या तासात त्यानं ती चाल बसवली होती. आज ही वही जगभर प्रसिद्ध आहे ती त्या नोंदींमुळे. पण ती वही नॅनर्लची, हे विसरायला नको.

मग सुरू झाले दौरे. १७६२ मध्ये आधी म्युनिक, मग व्हिएन्ना. तिथल्या राजवाड्यात सम्राज्ञी मारिया थेरेसापुढे दोघं वाजवून आली. खूश होऊन राजघराण्यातल्या मुलांचे भरजरी पोशाख त्यांना भेट मिळाले. तो पोशाख घातलेलं नॅनर्लचं चित्र आजही पाहायला मिळतं. अकरा-बारा वर्षांची पोर आणि अंगावर राजकन्येचा झगा! जून १७६३ मध्ये सगळं कुटुंब घोडागाडीनं मोठ्या प्रवासाला निघालं ते नोव्हेंबर १७६६ मध्ये घरी परतलं. साडेतीन वर्षं! म्युनिक, पॅरिस, लंडन, हेग... त्या काळचे रस्ते, थंडी, आजारपणं. १७६५ मध्ये हेगला नॅनर्ल तापानं इतकी आजारी पडली की धर्मगुरूंना बोलावून शेवटचे विधी करावे लागले. ती वाचली, तर पाठोपाठ धाकटा आजारी पडला. त्या आईनं ते दिवस कसे काढले असतील?

याच प्रवासात लंडनमध्ये ते घडलं, ज्यासाठी मी ही गोष्ट सांगायला घेतली. जुलै १७६५ मध्ये तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात आली, की ही दोन मुलं एकाच हार्पसिकॉर्डवर चार हातांनी वाजवतील, तेही पट्ट्यांवर रुमाल टाकून, न बघता. हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोची थोरली बहीण म्हणा. दिसायला तशीच, फक्त आत तारेला हातोडी लागत नाही, तार छेडली जाते. एका वाद्यावर दोघांनी वाजवणं तेव्हा लोकांना नवलाचंच होतं. नॅनर्लला चौदावं संपत आलेलं, वोल्फगांग नऊ वर्षांचा. एका बाकावर दोघं, कोपराला कोपर लागलेलं.

जरा विचार करून बघा. पट्ट्या झाकलेल्या, म्हणजे डोळ्यांचा उपयोग नाही. कुणी मागं-पुढं झालं तर सावरायला वेळ नाही. टिकटिक करून ताल दाखवणारा मेट्रोनोम आज संगीताच्या वर्गात असतो, त्याचं पेटंट घेतलं गेलं १८१५ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. या दोघांना आधार कशाचा, तर शेजारच्या हाताचा.

आता तो क्लास पुन्हा आठवते. एकटं मूल वाजवतं तेव्हा ताल त्याच्या मर्जीवर असतो. बोट सापडेना झालं की काळ थांबवता येतो, कुणी विचारत नाही. त्याला वाटतं, सूर बरोबर आले म्हणजे झालं. शेजारी दुसरं कुणी असलं की काळ दोघांचा होतो. तो एकट्याला थांबवता येत नाही. जात्यावर दोघी दळायला बसल्या की एकीचा हात थांबला तर दुसरीला लगेच ओढ लागते, तसंच हे. पूर्वी मुली जात्याशी बसून ओव्या शिकायच्या तेव्हा ताल असाच अंगात मुरायचा.

बाईंनी मला यातल्या चार खुबीच्या गोष्टी सांगितल्या. पियानो नसेल, घरात नुसता कॅसिओ असेल तरी त्या उपयोगी पडतील, म्हणून लिहिते. सुरू करण्याआधी दोघांनी मनात एक अख्खी फेरी मोजायची आणि एकत्र श्वास घ्यायचा. चाल मुलाला सहज येईल इतकी सोपी हवी आणि गती संथ, म्हणजे लक्ष बोटांवरून उठून कानात जातं. चुकलं तर मागं वळायचं नाही, पुढच्या फेरीच्या पहिल्या मात्रेवर येऊन मिळायचं. आपल्याकडे समेवर येतात तसं. नंतर जागा बदलायच्या. वरची चाल वाजवणाऱ्यानं खालचा ठेका धरायचा. ठेका धरून बसणं किती जोखमीचं असतं ते तेव्हा कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं मोठ्या माणसासाठी. मूल अडखळलं की मायेपोटी आपणही थांबतो, त्याच्या मागं मागं जातो. तसं केलं की सगळा फायदा गेला! आपण शांतपणे चालत राहायचं, म्हणजे मुलाला परत यायला जागा राहते.

अशा धड्यांसाठी खास रचना करणारा एक संगीतकार पुढे झाला, आंतोन डियाबेली. जन्म १७८१, गाव साल्झबर्गजवळचंच. त्याच्या अठ्ठावीस छोट्या रचनांच्या संचात शिकणाऱ्याला पाचच सूर दिलेत. हात जागचा हलवायचा नाही, पाच बोटांखाली पाच पट्ट्या. बाकीची सगळी गुंतागुंत शेजारी बसलेल्या गुरूकडे. पोराला वाटतं, वा, मी केवढं भारी वाजवतोय! हा संच आजही शिकवला जातो. मोझार्टनं स्वतःही अशी सोय केली होती. १७७६ मध्ये साल्झबर्गच्या लोड्रोन घराण्यातली आई आणि तिच्या दोन मुली यांच्यासाठी त्यानं तीन पियानोंची रचना केली. धाकटीचा हात तेवढा तयार नव्हता, म्हणून तिचा भाग सोपा ठेवला. म्हणजे कच्च्या मुलीला बाहेर बसवायचं नाही, दोघींच्या बरोबरीनं घ्यायचं.

पण नॅनर्लचं काय झालं?

डिसेंबर १७६९ मध्ये वडील वोल्फगांगला घेऊन इटलीला निघाले. या वेळी आई आणि नॅनर्ल घरीच. ती अठरा वर्षांची झाली होती. लहान मुलीनं लोकांपुढे वाजवलं तर कौतुक, उपवर मुलीनं वाजवत गावोगाव फिरावं हे तिच्या घराला आणि त्या काळाला झेपणारं नव्हतं. मुलगा पुढे गेला, मुलगी घरात राहिली. हे वाक्य लिहिताना मला अठराव्या शतकातलं ऑस्ट्रिया दिसत नाही हो, आपल्याच गल्लीतली दोन-चार घरं दिसतात.

तिनं वाजवणं सोडलं नाही. वोल्फगांग इटलीहून पत्रं पाठवायचा, थट्टामस्करीची. १७७० मध्ये तिनं स्वतः रचलेलं एक गाणं त्याला पाठवलं, तेव्हा त्यानं पत्रातून मनापासून कौतुक केलं. ते गाणं आज उरलेलं नाही. तिची एकही रचना उरलेली नाही. भाऊ घरी आला की दोघं पुन्हा एका बाकावर बसायची. १७७२ आणि १७७४ च्या सुमाराला त्यानं साल्झबर्गमध्ये चार हातांसाठी दोन मोठ्या रचना केल्या. १७७९ च्या सुमाराला दोन पियानो आणि वाद्यवृंदासाठी एक रचना केली, ती बहिणीबरोबर वाजवण्यासाठीच असावी असं मानतात. तिच्यात दोघांना अगदी सारखं काम आहे. एक पुढे आणि दुसरा नुसता साथीला, असं नाही.

याच काळात तिनं शिकवण्या सुरू केल्या. १७७८ मध्ये आई पॅरिसला वोल्फगांगबरोबर गेली असताना तिकडेच वारली. घरावर कर्ज होतं. उद्या वडील गेले तर पोट कसं भरायचं, हा विचार तिच्यापुढे उघड मांडलेला असायचा. ती रोज नेटानं सराव करायची आणि गावातल्या मुलींना शिकवायची. १७८०-८१ च्या सुमाराला काढलेलं त्या कुटुंबाचं एक चित्र आहे. बहीण-भाऊ एकाच वाद्याशी बसलेत, हात एकमेकांवरून गेलेत. बाजूला व्हायोलिन घेऊन वडील. आई भिंतीवरच्या तसबिरीत. एवढीशी चौकट, पण सगळं घर त्यात आलंय.

त्यानंतर लगेच १७८१ मध्ये वोल्फगांग व्हिएन्नाला गेला तो तिकडचाच झाला. १७८३ मध्ये बायकोला घेऊन तो घरी येऊन गेला. ती बहीण-भावाची शेवटची भेट. नॅनर्लचं लग्न ऑगस्ट १७८४ मध्ये झालं. ती तेहतीस वर्षांची, नवरा वयानं बराच मोठा, दोनदा विधुर झालेला, आधीची पाच मुलं. तो सांक्ट गिल्गेन या तळ्याकाठच्या खेड्यात सरकारी अधिकारी होता. गंमत बघा, ज्या घरात ती सून म्हणून गेली त्याच घरात तिच्या आईचा जन्म झाला होता. आईचे वडीलही तिथं नोकरीला होते.

राजवाड्यातून वाजवून आलेली बाई त्या खेड्यात गेली. थंडी आणि दमट हवा यांनी तिचं वाद्य बिघडायचं. दुरुस्त करणारा माणूस साल्झबर्गहून बोलवावा लागायचा. वडील पत्रांबरोबर भावाच्या नव्या रचना नकलून पाठवत, आणि ती त्या बसवत राही. पहिलं मूल १७८५ मध्ये माहेरी झालं. बाळाला आजोबांकडेच ठेवून ती सासरी परतली, आणि १७८७ मध्ये आजोबा वारले तोवर ते तिथंच वाढलं. पुढे दोन मुली झाल्या. एक वर्षभरातच गेली, दुसरी सोळाव्या वर्षी. १७९१ च्या डिसेंबरात व्हिएन्नात वोल्फगांग गेला. अवघा पस्तीस वर्षांचा. लंडनला रुमालाखाली तिच्या शेजारी चालणारे ते दोन हात थांबले.

नवरा १८०१ मध्ये गेल्यावर पन्नाशीला आलेली नॅनर्ल साल्झबर्गला परतली. काय केलं तिनं? पुन्हा पियानो शिकवायला लागली. तिच्या शिकवणीची ख्याती गावात आधीपासूनच होती. भावाच्या मृत्यूनंतर त्याच्या चरित्रासाठी साल्झबर्गहून जी माहिती पाठवली गेली, तिच्यात घराच्या एका स्नेह्यानं तिच्याबद्दलही लिहिलं. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली अजूनही वेगळ्या ओळखू येतात, स्वच्छ वाजवण्यावरून, नेमकेपणावरून आणि बोटांच्या योग्य ठेवणीवरून, असा त्याचा आशय होता. मला तर हे वाचून गहिवरून आलं. तिच्या रचना हरवल्या, पण तिचा नेमकेपणा गावातल्या मुलींच्या हातांत उरला होता. भाऊ जगाला मिळाला. बहीण एका गावाला मिळाली, आणि त्या गावानं ते ओळखलंही होतं.

भावाची आणि वडिलांची शेकडो पत्रं तिनं जपून ठेवली. १८२८ मध्ये मोझार्टचं मोठं चरित्र निघालं ते या पत्रांच्या आधारावर. आज जग मोझार्टच्या लहानपणाबद्दल जे काही जाणतं, त्यातलं कितीतरी तिच्या आठवणींतून आलं आहे. लंडनला वडील आजारी होते, घरात वाद्य वाजवायचं नव्हतं, तेव्हा आठ वर्षांचा वोल्फगांग सिंफनी लिहायला बसला. शेजारी बसून ती उतरवून घेत होती, आणि शिंगवाद्याला काहीतरी छान काम द्यायचंय, आठवण कर, असं त्यानं तिला बजावलं होतं. ही आठवण तिचीच. तिथंही ती शेजारीच बसलेली होती.

१८२५ मध्ये तिची दृष्टी गेली. १८२९ च्या जुलैमध्ये इंग्लंडहून संगीतप्रकाशक विन्सेंट नोव्हेलो आणि त्यांची पत्नी मेरी तिथल्या चाहत्यांनी गोळा केलेले पैसे घेऊन तिला भेटायला आले. ती अंथरुणाला खिळलेली होती, बोलण्याचीही शक्ती नव्हती. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला ती गेली. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. साल्झबर्गच्या सेंट पीटर स्मशानभूमीत तिची समाधी आहे.

तिला संधी मिळाली असती तर ती किती मोठी झाली असती, असं आपण हळहळून म्हणतो. ती हळहळ खरीच आहे. तिचं जे हिरावलं गेलं ते गेलंच, त्यावर पांघरूण घालू नये. पण तिनं जे केलं तेही कमी लेखू नये. ठेका धरून बसणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही, आणि तो सुटला की सगळं गाणं कोसळतं. हे आपल्याला घरात कुणी शिकवायला लागत नाही.

मात्र तेवढ्यावर थांबू नये असं मला वाटतं. त्या क्लासमधल्या बाई जागा बदलायला लावतात ना, ते मला फार आवडलं. एकदा तू वरची चाल वाजव, एकदा मी. नॅनर्लच्या घरात पुढे ती जागा बदललीच नाही. आपल्या घरात मुलगा आणि मुलगी दोघं काही शिकत असतील तर त्यांना जरूर एका बाकावर बसवा. ताल पक्का होईल. फक्त कोण कुठल्या बाजूला बसलंय ते अधूनमधून बघत राहा.

भावाच्या नातीनं परवा फोनवर वाजवून दाखवलं. शेजारी तिचा धाकटा भाऊ होता, दोन बोटांनी खालचा ठेका धरून. तो चुकला. ती थांबली नाही. तोच पुढच्या फेरीला येऊन मिळाला.